न तुटलेली जाळी

लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यातल्या कुस्तीची आजवरची सगळ्यात मोठी मॅच कोणती, या प्रश्नाचा निकाल त्या रविवारी दुपारी मिस्त्रीच्या वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये लागणार होता. तसा तो दर रविवारी लागत असे आणि पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असे. पण या खेपेला जुन्या खेळाडूंच्या मंडळाने व्यायामशाळेच्या भिंतीवर एक मोठा फोटो लावायचं ठरवलं होतं. फोटो एकच, म्हणून मॅचही एकच. या वयाची माणसं एरवी गुडघ्यांबद्दल बोलतात. ही चार माणसं महिनाभर त्या फोटोवरून एकमेकांच्या उरावर बसली होती.

सगळ्यात मोठा आवाज सलूनवाल्याचा. त्याने जन्मात कधी रिंगमध्ये पाय ठेवला नव्हता, पण पहिल्या रांगेतली खुर्ची त्याने कधी सोडली नाही, आणि उथळ पाण्याला खळखळाट फार. त्याच्या मते पंचेचाळीस मिनिटं चाललेली मॅच सर्वांत मोठी.

"शेवटी दोघांपैकी एकालाही जाळी चढून बाहेर पडता येईना," तो म्हणाला. "एकमेकांना धरून उभे होते नुसते. माझ्या शेजारचा माणूस रडला, दादा. धडधाकट माणूस."

"पंचेचाळीस मिनिटं तुझ्या शेजारी बसून कोणीही रडेल," पंच म्हणाले.

पंच म्हणजे तीस वर्षं पिंजऱ्याच्या दाराशी किल्ली घेऊन उभा राहिलेला माणूस. घंटेच्या आवाजाने त्यांचा एक कान केव्हाच गेला होता, त्यामुळे वादात त्यांना फक्त स्वतःचीच बाजू नीट ऐकू येई. त्यांचं मत छतवाल्या पिंजऱ्यातल्या मॅचला होतं. तिथे कुलपात किल्ली मोडली, दार उघडेना, वरूनही बाहेर पडायला वाट नाही. "आतल्या दोघांना मी जाळीतून खूण केली. त्यांनी काही न ठरवता पुढची वीस मिनिटं खेळ उभा केला. कुलूप तुटेपर्यंत लोकांना पत्ता लागू दिला नाही. मोठी मॅच ती."

दादा लोखंडी स्टुलावर बसून हे ऐकत होता. दादा म्हणजे मिस्त्रीचा थोरला भाऊ. एके काळी पोस्टरवर त्याचं नाव 'घण' असं छापलं जायचं. त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नसे. बायको गेल्यापासून तो धाकट्याच्या घरीच राही, आणि रोज सकाळी शर्टाची डावी बाही मिस्त्रीच त्याच्या हातात चढवी. इतकी वर्षं झाली, पण हे काम मिस्त्रीने कधी बायकोवर किंवा मुलांवर टाकलं नाही. लोक म्हणत, भाऊ असावा तर असा. हे कानावर पडलं की मिस्त्री विषय बदलत असे.

"तुम्ही दोघं बाहेरून बघणारे," दादा म्हणाला. "मोठी मॅच त्या दोघींची. त्या उंच बाईची आणि तिच्या चुलतबहिणीची. त्या मॅचमध्ये एकोणीस फेकी झाल्या, मी मोजल्यात. एकोणीस वेळा एकीने दुसरीच्या हातात अंग सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी आपापल्या कामावर हजर. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फेक म्हणजे तशी."

फेकीचा विषय दादाने काढला की पुढे त्याचा मोडलेला खांदा येतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ही आखाड्यातली कुस्ती नव्हे. निकाल आधी ठरलेला असे, आणि बघणाऱ्यांनाही ते आतून माहीत असे. पण पडणं खरं असे. नव्वद किलोचा माणूस स्वतःचं अंग दुसऱ्याच्या हाती सोपवतो, आणि दुसरा त्याला असा फेकतो की आवाज मोठा व्हावा पण इजा होऊ नये. त्या धंद्याची सगळी अब्रू त्या फेकीत होती.

गावभर कोणालाही विचारलं असतं तर त्याने सगळ्यात मोठी म्हणून चौथ्याच मॅचचं नाव घेतलं असतं: घण विरुद्ध मुंगूस. सव्वीस वर्षं झाली तरी लोक ती विसरले नव्हते. फक्त या वर्कशॉपमध्ये, दादासमोर, तिचं नाव काढायचं नाही असा न लिहिलेला नियम होता. सलूनवाल्यासारखा बडबड्या माणूसही तिथे येऊन जीभ चावत असे.

त्या दिवशी नियम मोडला तो बाहेरच्या माणसाने. अर्ध्या वर केलेल्या शटरखालून बसकंडक्टरच्या गणवेशातली एक बाई वाकून आत आली. चाळिशीची असेल. खांद्याला तिकिटांची पिशवी तशीच होती. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात आली होती.

"घण काका कोण?" तिने विचारलं. दादाने मान हलवली. "मी मुंगसाची मुलगी. बाबा सरकारी दवाखान्यात आहेत, दुसरा मजला, बारा नंबरची खाट. डॉक्टरांनी हात टेकलेत. तुम्हाला एकदा बघायचंय म्हणतात. चार ते सहा भेटायची वेळ असते."

"त्याचं काय काम आमच्याकडे?" दादा म्हणाला.

"ते मला नाही सांगितलं."

"मग मी सांगतो. ज्याने डूख धरून माझा हात मोडला, त्याचं तोंड बघायला मी यायचा नाही. तू लेकीसारखी आहेस, तुझ्यावर राग नाही. पण हा निरोप त्याला असाच दे."

तिने वाद घातला नाही. खाटेचा नंबर पुन्हा एकदा सांगितला आणि आली तशी वाकून निघून गेली. मग सलूनवाल्याला एकाएकी गिऱ्हाईक आठवलं, आणि पंचांना औषधाची वेळ. वर्कशॉपमध्ये दोघे भाऊच राहिले.

मिस्त्रीने ग्राइंडरची वायर गुंडाळायला घेतली आणि ती त्याच्या हातात तशीच राहिली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण सव्वीस वर्षं चांदणं सहन करून चोराचे डोळे कसे होतात ते कोणी सांगत नाही. मुंगूस असाच न बोलता मेला असता तर मिस्त्री सुटला असता. हा विचार त्याच्या मनात आला, आणि आपण एका माणसाच्या मरणाची वाट बघतो आहोत हे कळून त्याला स्वतःची किळस आली.

"दादा," तो म्हणाला, "त्याने काही केलं नव्हतं."

"कोणी?"

"मुंगसाने. जाळी मी पक्की केली होती."

आणि मग त्याने सांगितलं. त्या मॅचचा पिंजरा मिस्त्रीनेच बांधला होता. तीन बाजूंच्या जाळ्या पक्क्या, आणि चौथी कच्ची: दोन्ही कडांना वेल्डिंगचा एकेक टाका, बाकी नुसती टेकलेली. ठरलं असं होतं की शेवटी मुंगसाने घणाला त्या जाळीवर फेकायचं, टाके तुटून जाळी उघडायची, घण बाहेर अंथरलेल्या गादीवर पडायचा. जो आधी बाहेर, तो जिंकला. म्हणजे दुश्मनानेच रागाच्या भरात घणाला जिंकून द्यायचं, आणि लोकांनी हसत घरी जायचं.

पण सकाळी मिस्त्रीने हात लावून पाहिलं तर जाळी खडखडत होती. मैदान उताराचं, त्यामुळे चौकट पिळली होती. त्याच्या मनात आलं, दादा नुसता टेकला तरी ही निसटेल आणि तो डोक्यावर पडेल. म्हणून त्याने आणखी चार टाके मारले. चौकटीखाली पाचर घालून ती सरळ केली की हे चार घासून काढायचे, असं ठरवून. पाचर घातली, चौकट सरळ झाली, आणि नेमकी तेव्हा लाइट गेली. ग्राइंडर बंद. लाइट दुपारी आली, तोवर लोक आत येऊन बसले होते.

"मग?" दादाने विचारलं.

"भरल्या मैदानात जाळीला ग्राइंडर लावला असता तर खेळाचं पितळ उघडं पडलं असतं."

"पंचाच्या कानात सांगायचं होतंस. तेव्हा दोन्ही कान शाबूत होते त्याचे."

"हो."

"मला सांगायचं होतंस."

"हो दादा. मला वाटलं, सहा टाके म्हणजे काही फार नाहीत, तुझ्या वजनाला तुटतील. आणि चूक झाली म्हणून सांगायची लाज वाटली. खरं कारण तेवढंच."

पहिल्या फेकीला जाळी हलली नाही. तेव्हा दादानेच मुंगसाचं मनगट दाबून पुन्हा फेकायची खूण केली, आणि दुसऱ्या फेकीला खांद्याचा चुरा झाला. मुंगूस भराभर जाळी चढून बाहेर उडी मारून मोकळा झाला, कारण एक जण बाहेर पडल्याशिवाय घंटा होत नाही आणि घंटा झाल्याशिवाय दार उघडत नाही. दादाला मात्र दिसलं ते एवढंच, की जाळी तुटण्यासारखी असून फेक वाकडी गेली, आणि ज्याने हरायचं तो जिंकला. कपडे बदलायच्या खोलीत, स्ट्रेचरवरून, दहा-पंधरा खेळाडूंसमोर तो म्हणाला होता, याच्या हातात पुन्हा कोणी अंग देऊ नका. मुंगूस म्हणाला, माझ्याकडून झालं असेल. सगळ्यांनी तो कबुलीजबाब धरला. त्यानंतर त्याच्याशी खेळायला कोणी तयार झालं नाही. वर्षभर तो तालमीला येऊन कोपऱ्यात बसला, मग यायचा बंद झाला आणि कुठल्याशा गोदामात वजनकाट्यावर लागला. जाळीचे टाके त्याच संध्याकाळी मिस्त्रीने स्वतःच्या हाताने घासून साफ केले होते.

"मी खोलीत ते बोललो, तेव्हा तू कुठे होतास?" दादाने विचारलं.

"दारात."

"ऐकलंस?"

"सगळं ऐकलं."

दादाने शिवी दिली असती, उजवा हात तर चांगला होता, एक ठेवून दिली असती, तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं. पण दादा उठला, आणि बनियनवर घालायला खिळ्यावरचा शर्ट काढला. सवयीने मिस्त्री बाही धरायला पुढे झाला.

"राहू दे," दादा म्हणाला.

त्याने शर्ट टेबलावर पसरला, डावा हात उजव्या हाताने उचलून बाहीत घातला, तो निसटला, पुन्हा घातला. कपाळावर घाम आला. दहा मिनिटं तरी लागली असतील. मिस्त्री दोन हातांच्या अंतरावर उभा होता आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला बाहीला हात लावायची परवानगी नव्हती. आतून त्याला रडू येत होतं, पण रडायचा हक्क आपला नाही एवढं त्याला कळत होतं.

बसमध्ये दादा पुढच्या सीटवर बसला आणि मिस्त्री मागे.

दवाखान्यात जिन्याला फिनेलचा वास होता. बारा नंबरची खाट खिडकीजवळ, हिरव्या पडद्याआड. मुलगी बाहेरच्या बाकावर बसली होती. फेरी दुसऱ्याला देऊन आली असावी. दादाला बघून ती उठली. दादा एकटाच पडद्याआड गेला. आतलं बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त एकदा दादाचा आवाज अडखळल्यासारखा झाला. पाच-सात मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"मी माफी मागितली," तो मिस्त्रीला म्हणाला. "कशावरून कळलं ते सांगितलं नाही. तो विचारत होता. ते तुझं तू सांग."

मिस्त्री आत गेला. पोस्टरवरचा मुंगूस चपळ, तेल लावल्यासारखा चमकणारा. खाटेवर चादरीखाली जेमतेम एक पोरगं मावावं एवढा उंचवटा होता. नाकात नळी होती. डोळे मात्र जागे होते.

"मिस्त्री," मुंगूस म्हणाला. "तूपण आलास."

मिस्त्रीने रस्ताभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. तो म्हणाला, "कच्च्या जाळीला मी जादा टाके मारले होते. काढायचे राहिले. मला माहीत होतं, तरी बोललो नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही."

शेजारच्या खाटेवर कोणीतरी खोकलं. "किती?" मुंगसाने विचारलं.

"काय किती?"

"टाके किती होते?"

"सहा."

"नक्की सहा?"

"मीच घासून काढले नंतर. सहा."

मुंगसाने डोळे मिटले. ओठ हलत होते. मिस्त्रीला वाटलं शिव्या देतो आहे, आणि तो मान खाली घालून ऐकायला तयार झाला.

"मी दोनच्या हिशेबाने फेकलं होतं," मुंगूस म्हणाला. त्याला मध्ये मध्ये दम लागत होता. "गोदामात पोती असायची. नव्वद किलोची. कोणी नसलं की एक उचलायचो आणि भिंतीवर फेकून बघायचो. डावा पाय पुढे, कंबर वळवून. दर वेळी सरळ जायचं. मग म्हणायचो, त्याच दिवशी वाकडं कसं गेलं? कमी पडलो, की जास्त लावला? सहा वर्षं फेकली पोती. मग पाठ गेली."

मिस्त्रीला आजवर वाटत होतं, या माणसाला आपण निर्दोष आहोत हे निदान स्वतःपुरतं तरी माहीत असेल. एवढ्याच आधारावर तो इतकी वर्षं झोपत आला होता.

"म्हणजे माझी फेक बरोबर होती," मुंगूस म्हणाला.

"बरोबर होती."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"पोरीला बोलव. तिच्यासमोर सांग."

मुलगी आत आली, तिच्या मागे दादा. मिस्त्रीने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना ते सोपं जाईल असं वाटलं होतं, पण नाही गेलं. मुलगी खाटेच्या पायथ्याशी दांडा धरून ऐकत होती. मुंगूस दादाला म्हणाला, "फोटो कुठल्या मॅचचा लावताय?"

"अजून ठरायचंय. मी म्हणतो, त्या दोघींची."

"बरोबर. एकोणीस फेकी झाल्या त्यात."

"तू पण मोजल्यास?"

"मोजणार नाही?" मुंगूस म्हणाला, आणि चादरीवरचा त्याचा हात थोडा सरकला. दादाने तो आपल्या उजव्या हातात घेतला आणि खाटेच्या कडेवर बसला.

नर्स वेळ संपल्याचं सांगून गेली तेव्हा मुलगी मिस्त्रीबरोबर जिन्यापर्यंत आली. तिचा आवाज चढला नाही.

"माझ्या लग्नात बाबांनी तुमच्या मंडळींसाठी दोन रांगा राखून ठेवल्या होत्या," ती म्हणाली. "कोणी आलं नाही. जेवणं सुरू झाली तरी त्या रांगांत ते कोणाला बसू देईनात. येतील म्हणायचे."

"माझं चुकलं, ताई. त्याला शब्द नाहीत."

"शब्द आहेत. आत तुम्ही बोललातच की. पण आमच्यासमोर बोलून काय होणार? तुमच्या मंडळाची बैठक कधी असते?"

"पुढच्या रविवारी. व्यायामशाळेत."

"किती माणसं येतील?"

"असतील चाळीस-पन्नास. सगळे जुने."

"त्या दिवशी खोलीत होते, ते?"

"जे उरलेत ते सगळे."

"मग तिथे सांगा," ती म्हणाली. "मी रजा टाकते. पहिल्या रांगेत येऊन बसते."